सात महिन्यांच्या बाळासाठी भाजीची प्युरी गुळगुळीत होत नाही, मदत हवी आहे

मुलगी सात महिन्यांची आहे, राहायला अनगोळ, बेळगाव. सहा महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी वरचं खाणं सुरू करायला सांगितलं. डाळीचं नुसतं पाणी नको, डाळच घोटून द्या, असंही बजावलं. नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात ती बिनतक्रार खाते. घोडं अडलंय ते भाज्यांपाशी.

गाजर कुकरला लावून मिक्सरमधून फिरवलं तरी रवाळच राहतं. जिभेने ढकलून सगळं लाळेऱ्यावर. मटाराची सालं टाळ्याला चिकटतात. बटाट्याचा तर असा चिकटा होतो की तो चमच्यालाही सोडत नाही. त्यात एका वेळी लागते जेमतेम पाव वाटी. एवढीशी भाजी भांड्यात घातली की ती उडून कडेला बसते आणि पातं नुसतं गरगरतं. पाणी घातलं की फिरते, पण मग तिचं सार होतं.

सासूबाई म्हणतात, मिक्सर हवाय कशाला, बोटाने कुस्करून भरव, चिमूटभर मीठ घाल, मग बघ कशी खाते. त्यांनी भरवलं की हिला उबळ येते, तोंड लालबुंद होतं आणि घरात एकच धांदल. मीठ डॉक्टरांनी वर्षापर्यंत नको म्हटलंय, त्यामुळे तोही वाद रोजचा.

आमच्याकडे रताळी भरपूर येतात (पश्चिम भागातले पाहुणे पोत्यानेच आणून टाकतात), तीही द्यायची आहेत. प्रत्येक भाजीला वेगळी पद्धत असते का? करून फ्रिजमध्ये ठेवली तर चालते का? दुपारची लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, हे धरून सांगा. पालकाचंही सांगा.

खानापूरची मावशी

अगं, घरात पुरणयंत्र असेल की! त्याची बारीक जाळी काढ. बटाटा आणि रताळं मिक्सरला लावायचंच नाही. पात्याने त्यातला स्टार्च फुटून बाहेर येतो आणि खळीसारखा चिकटा होतो. सालासकट उकड, सोल आणि गरम असतानाच जाळीतून दाब. गार झालं की गुठळ्या राहतात. रताळ्याचे दोरे जाळीवरच अडकतात, ते खरवडून टाकायचे. मग तुझं दूध नाहीतर उकळून कोमट केलेलं पाणी चमच्या-चमच्याने घालून सैल कर.

गाजराचं उलटं आहे. ते कच्चं राहतंय म्हणून रवा लागतो. साल काढ, मधला दांडा जून असेल तर तोही काढून टाक. पातळ चकत्या कर आणि कुकरच्या डब्यात चकत्या भिजतील इतकंच पाणी घालून नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त दे. चकती अंगठा आणि बोटात धरून दाबली की लोण्यागत चपटी व्हायला हवी, तोवर मिक्सर काढूच नको. डब्यात उरलेलं पाणी वाटताना तेच वापर.

मटार शिजवून, वाटून, वर गाळणीतून घासून काढायचे. चहाची गाळणी घेऊ नको गं, वास लागतो. लाल भोपळा आणि दुधी मात्र बिनकष्टाचे. दुधीच्या बिया काढल्या की झालं.

निपाणीकर बाबा

आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. पाव वाटीसाठी मोठं भांडं घेऊ नका, चटणीचं घ्या. त्यातही पातं बुडेल इतकी भाजी लागते, म्हणून दोन-तीन वेळची एकदम वाटा. सलग फिरवू नका. बटण उलटीकडे (पल्सकडे) थोडं-थोडं फिरवून सोडा, झाकण उघडून कडेचं खाली ओढा, पुन्हा फिरवा. आणि कडकडीत गरम वाटू नका. छोट्या भांड्यात वाफ कोंडून झाकण उडतं आणि भाजी छताला लागते. कोमट झाली की वाटा.

उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येते, खड्यांची पिशवी करून महिनाभर. लाइटचा भरवसा नसेल तर त्या भानगडीत पडू नका. फ्रिजमध्ये झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. खडे एकदा वितळले की पुन्हा गोठवायचे नाहीत. देताना वाफ येईपर्यंत एकदाच तापवा, निववून द्या. बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला, त्यातलं उरलेलं टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

धागाकर्ती

मावशी, पुरणयंत्र होळीनंतर माळ्यावर गेलंय, आजच काढायला सांगते. पालक राहिलाच की ओ. आणि ती उबळ?

दोन लेकरांची आई, शहापूर

पालक, बीट ताजंच करा, साठवू नका. त्यांत नायट्रेट जास्त असतं आणि शिजवून ठेवलं की त्याचं नायट्राइट होऊ लागतं. पालक नुसता देऊच नका, मुगाच्या डाळीत शिजवून एकत्र घोटा. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह वरच्या खाण्यातूनच मिळवावं लागतं. नुसत्या दुधीवर आणि गाजरावर ते भागत नाही. डाळ हवी. तुमच्यात खात असतील तर पूर्ण शिजलेलं अंडंही. शेवटी लिंबाचे दोन थेंब पिळा, डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही गुळगुळीत करण्याच्या नादात पातळ करताय. चमचा तिरका केला तर प्युरी पटकन ओघळता कामा नये. पोट केवढंसं असतं, ते पाण्याने भरलं तर उपयोग काय? हवं तर अर्धा चमचा तूप घाला.

उबळीचं म्हणाल तर खोकत असेल, आवाज येत असेल, तोंड लाल होत असेल, तर घास मागे गेला म्हणून ती तो पुढे आणतेय. ताठ बसवून भरवा, बोट घालू नका. आवाजच फुटला नाही किंवा ओठ निळे पडायला लागले, तर ते अडकणं. ती वेळ आलीच तर काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच हाताने शिकून घ्या, घरातल्या सगळ्यांनी.

सासूबाईंचं कुस्करलेलं आज जड जातंय, पण आठव्या-नवव्या महिन्यात तेच द्यायचंय. फार काळ गुळगुळीतच दिलं तर पुढे पोरं कण लागला की थुंकतात. आता रताळ्यापासून सुरू करा. आठवड्याने जाळी सोडून काट्याने कुस्करलेलं, मग हळूहळू जाडसर. मिठाचं त्यांना सांगा, आमटी फोडणीला टाकायच्या आधी बाळाची डाळ वेगळी काढून ठेवा, म्हणजे वाद स्वयंपाकघरातच संपतो.