दीड वर्षाच्या लेकीला घेऊन क्रूझवर, केबिन कुठली घ्यावी?

चिऊची_आई:
आमचं क्रूझचं ठरतंय एकदाचं. सात रात्री, मी, नवरा आणि लेक. निघू तेव्हा ती दीड वर्षाची असेल. चालत नाही, पळतेच, आणि जे दिसेल त्यावर चढते. बुकिंगच्या साईटवर बसले तर डोकं गरगरायला लागलं, इनसाइड काय, ओशनव्ह्यू काय, बाल्कनी काय आणि त्यात परत गॅरंटी म्हणून एक स्वस्त प्रकार दिसतोय तो काय ते कळतच नाहीये. नवऱ्याचं म्हणणं केबिनमधे झोपायलाच तर जायचंय, बिनखिडकीची इनसाइड घे, दारं-खिडक्यांवर कशाला पैसे घालवायचे. सासूबाई म्हणतात बाल्कनीचं नावही काढू नका, पोर कठड्यावर चढेल. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. ही दुपारी दोन तास झोपते आणि रात्री आठला गुडुप, मग आम्ही दोघांनी तेवढा वेळ अंधारात कुजबुजत बसायचं का? शिवाय पाळणा मिळतो का, अंघोळ कशी घालायची (शॉवर दिसला की भोकाड पसरते) आणि जहाज हललं तर काय. लहान मूल घेऊन गेलेल्यांनी सांगा प्लीज.

लाटांवर_स्वार:
लेक झोपली की तुम्ही बसायचं कुठे हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे नंतर. केबिन म्हणजे एक खोली, त्यातच पलंग, त्यातच सोफा, पाळणा लावला की चालायला जेमतेम जागा. मूल झोपलं की दिवे बंद, टीव्ही बंद, आणि तुम्ही आठ वाजल्यापासून मोबाईलच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसणार. बाल्कनी असेल तर थोडी फट ठेवून पडदा ओढायचा, काचेचं दार लावायचं आणि बाहेर खुर्च्यांवर निवांत गप्पा मारायच्या, लेक काचेपलीकडे नजरेसमोरच. आम्ही तरी बाल्कनीचे पैसे त्यासाठीच मोजतो, समुद्र काय डेकवरूनही दिसतो.

सासूबाईंची भीती मात्र उगाच नाहीये. अमेरिकेतून माणसं चढवणाऱ्या मोठ्या जहाजांना 2010 च्या कायद्यानुसार कठडा निदान 42 इंच उंच ठेवावा लागतो, म्हणजे दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्याच्या बराच वर. खाली बहुतेक ठिकाणी काच असते त्यामुळे फटीतून जायचाही प्रश्न नसतो. धोका कठड्याचा नाही, खुर्चीचा आहे. खुर्ची किंवा ते बुटकं टेबल कठड्याजवळ राहिलं की चढणाऱ्या पोराला शिडी मिळालीच. केबिन साफ करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की टेबल उचलून न्या, नेतात ते. दाराची कडी बऱ्याच जहाजांवर मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर असते किंवा हँडल चांगलंच जड असतं, पण केबिनमधे पाय ठेवल्या ठेवल्या स्वतः उघडून-लावून बघा. आणि मूल बाल्कनीत असताना एक मोठं माणूस तिथेच पाहिजे, आत चार्जर आणायला जायचं असलं तरी तिला उचलून आत आणायचं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. बाल्कनीचं दार उघडं असताना कॉरिडॉरकडचं दार उघडलं की वारा असा घुसतो की दार धाडकन आपटतं. ती दारं वजनदार असतात, लहान बोटं मधे आली तर काय होईल विचार करा. एका वेळी एकच दार उघडं, हा नियमच करून टाका घरात, म्हणजे केबिनमधे.

झोपमोड_नको:
मी तुमच्या नवऱ्याच्या पार्टीत. इनसाइड केबिनला शिव्या घालणाऱ्यांनी तिथली झोप अनुभवलेली नसते. दिवा बंद केला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही इतका काळोख, दुपारचे दोन की रात्रीचे दोन कळत नाही, आमचं कार्टं जे घरी पहाटे कोंबड्याच्या आधी उठतं ते तिथे मस्त उशिरापर्यंत झोपायचं. बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर छोटा बॅटरीवरचा नाइटलॅम्प न्यायचा.

आणि बसायचं म्हणाल तर दोघांनी एकदम कशाला अडकून पडायचं? एकजण थांबतो, एकजण शो बघून येतो, दुसऱ्या दिवशी उलट. इनसाइड आणि बाल्कनीच्या दरातल्या फरकात बंदरांवरच्या सहली होतात, नाहीतर पैसे भरून नर्सरीत ठेवता येतं मुलाला. फक्त तिला झोपवून दोघंही बाहेर जाऊ असला बेत करू नका, आणि वायफायवाल्या बेबी मॉनिटरच्या भरवशावर तर मुळीच नको, भिंती पोलादी असतात, सिग्नल दोन दारं पुढे गेलं की धापा टाकतो.

लाटांवर_स्वार:
@झोपमोड_नको, एकेकट्याने शो बघायचा असेल तर मग सुट्टी बरोबर कशाला घ्यायची हो :) पण काळोखाचं पटलं, बाल्कनीच्या पडद्याच्या कडेने सकाळी उजेड येतोच.

डेकप्लॅनवाला_काका:
दोघंही प्रकारावरून भांडताय, माझ्या मते जागा जास्त महत्त्वाची. त्याच पैशात केबिन कुठल्या डेकवर, पुढे की मधे, आणि वर-खाली काय आहे, इतकं बघितलं तरी अर्धं काम होतं.

जहाज सी-सॉसारखं मधल्या भागाभोवती वरखाली होतं, म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलतं, मधे कमी. डोलणं जितके वर जाल तितकं जास्त जाणवतं. म्हणजे मधे आणि खालच्या डेकवर सगळ्यात शांत. गंमत म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलांना बोट लागायचं प्रमाण कमीच असतं, लागणार तुम्हालाच, आणि आईबापच आडवे झाले तर त्या चढणाऱ्या पोरीच्या मागे कोण धावणार? मुलाला उलटीचं औषध आपल्या मनाने देऊ नका, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता आवाज. कंपनीच्या साईटवर डेकप्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो, तुमच्या केबिनच्या बरोब्बर वरचा आणि बरोब्बर खालचा डेक उघडून बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याची खरखर थेट डोक्यावर. खाली थिएटर नाहीतर नाइटक्लब असेल तर रात्री उशिरापर्यंत धमधम, आणि तुमची तर आठला झोपते. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर असाल तर बंदराला लागताना थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे चालू होतात, गादीसकट थरथरतं, आणि ते बहुतेक वेळा भल्या सकाळी. लिफ्टच्या अगदी समोरची खोली नको, पण पाच-सहा दारं टाकून असलेली घ्या. स्ट्रोलर, बॅग आणि रडणारं मूल घेऊन तो लांबच लांब कॉरिडॉर तुडवायला नको वाटतं.

आता तुमच्या गॅरंटीबद्दल. गॅरंटी म्हणजे प्रकाराची खात्री, नंबराची नाही. इनसाइड गॅरंटी घेतलीत तर निदान इनसाइड मिळेल, पण कुठली ते कंपनी ठरवणार, मग टोकाला टाकतील नाहीतर डिस्कोच्या डोक्यावर. दोघंच असता तर घ्या म्हटलं असतं. बाळ असताना थोडे जास्त गेले तरी नंबर स्वतः निवडा.

आणि बुकिंगमधे बाळ धरून तीनच प्रवासी टाका. तान्हं मूलही पूर्ण प्रवासी म्हणून मोजतात, कारण लाइफबोटच्या जागांचा हिशेब माणशी असतो. दोघांच्या केबिनमधे तिसरं मांडीवर चालवून घेतील असं होत नाही. वयाचीही अट असते, बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांवरच्या मुलांना घेतात, महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या प्रवासाला बारा महिने लागतात. तुमची दोन्हीत बसते.

चिऊची_आई:
बापरे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याला लिंक पाठवली तर त्याने झोपमोड यांचाच प्रतिसाद वाचला फक्त :( काका, तुम्ही सांगितलंत तसा डेकप्लॅन उघडला, जी बाल्कनीवाली मी बघत होते तिच्या वर नेमका बुफे आहे, म्हणजे कटाप. अंघोळीचं कुणीतरी सांगा ना, आणि स्विमिंग पूलमधे नेता येतं का, स्विम डायपर घालून?

मनमौजी_मावशी:
पूलचं आधी सांगते कारण तिथे लोकांची घोर निराशा होते. जी जहाजं अमेरिकन बंदरांना जातात त्यांच्यावर डायपरमधल्या मुलांना पूलमधे किंवा हॉट टबमधे घेत नाहीत, स्विम डायपर असला तरी नाही. काही मोठ्या जहाजांवर बाळांसाठी वेगळी पाणी उडायची जागा असते, तिथे चालतं. बुक करताना हे विचारा, कारण जहाजावर तशी जागा नसेल तर पाण्यात खेळणारं मूल सात दिवस पाण्याकडे बघत बसणार आणि तुम्ही तिच्याकडे.

अंघोळ. साध्या केबिनमधे बहुतेक फक्त शॉवर, तोही इतका चिंचोळा की वाकलात तर पडदा पाठीला चिकटतो. टब हवा असेल तर सुइट बघा, नाहीतर डिस्नेची जहाजं, त्यांच्या बऱ्याच केबिनमधे बाथरूमचे दोन भाग असतात, एकीकडे टॉयलेट आणि एकीकडे टब, लहान मुलांवाल्यांसाठी झकास सोय. तेवढ्यासाठी कंपनी बदलायची नसेल तर हवा भरायचा छोटा टब न्या, शॉवरखाली जेमतेम बसतो, कोमट पाणी घातलं की पोरं तासभर उठत नाहीत. बाथरूमच्या दाराशी उंच उंबरठा असतो हे तिला आणि तुम्हालाही पहिल्या दिवशी ठेचकाळून कळेलच. आणि फ्लश! व्हॅक्यूमचा असतो, बटण दाबलं की असा काही जोरात आवाज येतो की मोठी माणसं दचकतात. तिला आधी बाहेर काढा मग दाबा.

पाळण्यासाठी वेगळे पैसे बहुतेक पडत नाहीत पण बुकिंगच्या वेळीच मागून ठेवावा लागतो आणि तो लेखी कन्फर्म करून घ्यायचा. आमच्या बाबतीत एका कंपनीने फोनवर हो हो म्हटलं आणि केबिनमधे गेलो तर पाळण्याचा पत्ता नाही, मिळाला तो रात्री. बरोबर पातळ चादर न्या, त्यांचा पाळणा प्रवासी टाइपचा असतो. झोपताना पाळण्यातल्या गादीवर चादर घट्ट ताणलेली असू दे, उशा-बिशा नकोत.

चिऊची_आई:
हे सगळं लिहून घेतलं. आता एक शेवटचं, नणंद आणि तिचा मुलगाही येतील असं दिसतंय, तर कनेक्टिंग घ्यावी का?

डेकप्लॅनवाला_काका:
घ्या. फक्त कनेक्टिंग आणि शेजारी-शेजारी यात गफलत करू नका, शेजारच्या खोल्यांमधे आतून दार असेलच असं नाही. डेकप्लॅनवर दोन खोल्यांमधे खूण असते ती बघा, नाहीतर एजंटला सरळ नंबर विचारा. दार असलं की बाळ एका खोलीत झोपलं की मोठ्यांनी दुसरीत बसायचं, मग बाल्कनी नसली तरी चालतं, दोन इनसाइड कधीकधी एका बाल्कनीपेक्षा फार महाग पडत नाहीत. पण अनोळखी लोकांशेजारची कनेक्टिंग खोली चुकूनही घेऊ नका, त्या दारातून आवाज आरपार येतो, त्यांचा तुम्हाला आणि चिऊचा त्यांना.

झोपमोड_नको:
बघा, शेवटी इनसाइडवरच आला ना मुद्दा!

मनमौजी_मावशी:
कुठलीही घ्या, मॅग्नेटचे हुक मात्र न्या. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, हुक चिकटवून पाळणा आणि तुमचा पलंग यांच्या मधे ओढणी नाहीतर चादर टांगायची, पाळण्यात लोंबणार नाही आणि तिच्या हाताला लागणार नाही इतकी लांब बघून. मग तुम्ही छोटा दिवा लावून वाचत बसलात तरी तिच्या डोळ्यावर येत नाही. स्ट्रोलर छत्रीसारखा मिटणारा न्या, रुंद असला तर केबिनच्या दारातून जात नाही आणि कॉरिडॉरमधे ठेवू देत नाहीत.