मिशेल ट्रांब्लेचं नाटक वाचायला घ्यावं का?

कोपरीकरीण: आमच्या ठाण्याच्या सोसायटीत बायकांचं नाट्यवाचन चालतं. भाची माँट्रियलला असते, तिने ट्रांब्लेचं ‘ले बेल-सर’ (म्हणजे नणंदा-भावजया) सुचवलंय. पंधराही पात्रं बायकाच, म्हणून मंडळ खूश. पण हा गृहस्थ कोण?

ऐरोलीचा पडदा: ताई, बिनधास्त घ्या. जन्म १९४२, माँट्रियलच्या कामगार वस्तीतला. वडील छापखान्यात, हाही आधी लिनोटाइपवर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवायच्या यंत्रावर, कामाला. १९६४ साली रेडिओ-कॅनडाच्या स्पर्धेत पहिला आला. ‘ले बेल-सर’ १९६५ मध्ये लिहून तयार, पण रंगमंचावर आलं १९६८ला. ओट्यापाशी बोलतात तशी फ्रेंच थेट नाटकात, त्यामुळे सभ्य मंडळींचं पित्त खवळलं. पुढे ‘होझाना’, ‘आल्बर्तीन’ वगैरे बरंच लिहिलं.

कोपरीकरीण: गोष्ट काय पण?

ऐरोलीचा पडदा: जर्मेन नावाच्या गृहिणीला दुकानी बक्षीस-तिकिटं लागतात, दहा लाख! पुस्तिका भरून दिल्या की घरच्या वस्तू फुकट. ती पुस्तिकांत चिकटवायला बहिणी-शेजारणींना स्वयंपाकघरात बोलावते. भिशीसारख्या गप्पा रंगतात, आणि एकेक जण हळूच तिकिटं पर्समध्ये सारते. मधेच बायका मिळून बिंगोचं (आपल्या हाउजीसारखा खेळ) स्तोत्र म्हणतात. तो भाग कापू नका हं, वाचनात तोच उचलून धरतो.

घोडबंदर_विंगेतून: प्रेक्षक बोलावणार असाल तर परवानगीचं आधी बघा. लेखक आणि अनुवादक, दोघांचे हक्क असतात.

कोपरीकरीण: भाचीला लावते कामाला. इथे जर्मेन कोण करणार यावरून आत्ताच रुसवेफुगवे सुरू झालेत!