हकलबरी फिनची शेवटची प्रकरणं मुलांच्या आवृत्तीतून गाळावीत का?

काठावरची:
मार्क ट्वेनची ही गोष्ट भाचीला वाचून दाखवतेय. बाप हकला जंगलातल्या खोपटात कुलूप लावून कोंडतो, हक ओंडका कापून निसटतो आणि स्वतःचा खून झाल्याचा देखावा उभा करतो. मग गुलामीतून पळालेला जिम भेटतो. तराफ्यावरच्या रात्री संपूच नयेत असं भाचीला वाटत होतं.

पुढे जिम पकडला जातो आणि हकचा मित्र टॉम सॉयर येतो. जिमची साखळी पलंगाच्या पायात अडकवलेली. पलंग उचलला की सुटते. पण टॉमला पुस्तकी सुटका हवी: भुयार, दोराची शिडी, सोबतीला उंदीर आणि साप. टॉमला जिमच्या खोलीत हवा असलेला धार लावायचा जड दगड पोरांना ढकलवत नाही, तेव्हा जिम साखळी सोडवून गळ्याभोवती गुंडाळतो, भोकातून बाहेर येतो, दगड ढकलतो आणि आत जाऊन पुन्हा बांधून घेतो! शेवटी कळतं की मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात त्याला मुक्त करून. टॉमला हे आधीपासून ठाऊक होतं. भाची हसत होती, मला पुढे वाचवेना. अमेरिकन लेखक हेमिंग्वेनेही १९३५ साली लिहिलंय की जिमला पळवून नेतात तिथेच थांबावं.

रानवाट:
अजिबात सहमत नाही. हे गाळलंत तर टॉमला माफी मिळते. ट्वेनने पुस्तक १८७६ मध्ये लिहायला घेतलं, प्रसिद्ध झालं १८८४ च्या अखेरीस. अमेरिकेत गुलामी १८६५ सालीच कायद्याने संपली होती, तरी दक्षिणेत कृष्णवर्णीय कैद्यांना भाड्याने देऊन राबवून घेत होते. कागदावर मोकळा आणि पायात साखळी, ही जिमचीच अवस्था नाही का?

काठावरची:
मोठ्यांना हे पटेल. पण नऊ वर्षांच्या मुलीला त्या पानांत दिसते ती नुसती गंमत. धुक्याच्या रात्री हकने थट्टा केली म्हणून त्याला खडसावणारा, त्याला माफी मागायला लावणारा जिम या पानांत कुठे आहे? तो माणूस मुलांच्या मनात राहायला हवा.

जुनीपानं:
जिमनेही एक गोष्ट लपवलीच की. वाहत आलेल्या घरातलं प्रेत हकच्या बापाचं होतं. हक ज्याच्या धाकाने पळत होता तो केव्हाच मेला होता, आणि जिमने ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काठावरची:
ही तुलना मला टोचली. मुलाला बापाचं प्रेत दिसू नये म्हणून जिमने चेहरा झाकला. टॉमच्या मौनाची किंमत मात्र दुसऱ्याच्या अंगाने मोजली.

रानवाट:
मग पुढचं वाचा. टॉमच्या पोटरीत गोळी लागते. पळायची वाट मोकळी असताना जिम म्हणतो, डॉक्टर आल्याशिवाय मी हलणार नाही. डॉक्टरला मदत लागते तेव्हा लपलेला असूनही बाहेर येतो, आणि त्यामुळेच पुन्हा साखळदंडात पडतो. खडसावणारा जिम शोधत होतात ना? हा तोच. ही पानं कापलीत तर तोही जातो.

काठावरची:
याला माझ्याकडे उत्तर नाही. ते प्रकरण आज रात्री वाचेन. धारेच्या दगडाचं मात्र अजूनही गाळावंसंच वाटतं.