वैनगंगेचे पाणी समुद्राला मिळते तिथे कोण राहते?

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, आरमोरी तालुका

नमस्कार. आमच्या शाळेतील निम्मी मुले ढिवर समाजाची आहेत आणि मासोळी त्यांच्या रोजच्या जगण्यातली आहे. नदीचा प्रवास शिकवताना मी सांगितले की चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, सिरोंच्याला ती गोदावरीला मिळते आणि ते पाणी शेवटी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात जाते. त्यावर पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “गोड पाणी खारट होते त्या जागी कोणती झाडे जगतात? आपल्या नदीतले झिंगे तिथे गेले तर मरतात का?” खाडीविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक कोकणातले असते. मला या मुलांना त्यांच्याच नदीच्या मुखाविषयी सांगायचे आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, ब्रह्मपुरी

सर, आंध्र प्रदेशातल्या धवळेश्वरमच्या खाली गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मुख्य फाटे होतात. गौतमीच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या दक्षिणेला, कोरिंगा अभयारण्य आहे. १९७८ मध्ये घोषित झालेल्या सुमारे २३५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीमुखात मात्र हे प्रमाण भरती-ओहोटीबरोबर रोज वरखाली होते आणि पुराच्या दिवसांत तर पाणी जवळजवळ गोडे होऊन जाते, त्यामुळे तिथे टिकणाऱ्या प्रत्येक जीवाला हा बदल सोसावा लागतो.

तिवर आणि कांदळ ही तिथली खारफुटीची झाडे. तिवराचे पान उन्हात धरून पाहिले की त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात आणि जीभ लावली की खारट लागतात, कारण आत आलेले मीठ हे झाड पानांतील ग्रंथींमधून बाहेर टाकते. कांदळ बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो. तिथल्या चिखलात हवा जवळपास नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी जमिनीतून वर आलेली असतात. मुलांना सर्वांत जवळची वाटेल ती कांदळाची गोष्ट. आपण धानाच्या बांधीत पऱ्हे टाकून रोपे तयार करतो आणि मग रोवणी करतो, तर कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हातभर लांबीचे हिरवे रोप फांदीला लोंबत राहून, तयार झाले की खाली चिखलात पडते किंवा पाण्याबरोबर दूर वाहत जाते.

गळलेली पाने कुजतात आणि त्यांवर खेकडे, कोळंबी व लहान मासे पोसले जातात. चिखलावर उड्या मारत फिरणारी निवटी तर मासा असूनही ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर वावरते. या सर्वांवर पाणमांजरे, बगळे आणि फिशिंग कॅट (मासे पकडणारे रानमांजर) जगतात. फिशिंग कॅट रात्री हिंडते, त्यामुळे आम्हाला तिच्या पावलांचे ठसेच तेवढे दिसले. जवळच्या होप बेटाच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

मुलांना एक प्रयोग करून दाखवा. गढूळ नदीच्या पाण्याचे दोन ग्लास भरून एकात चमचाभर मीठ ढवळावे आणि दोन्ही हलवू नयेत. गोदावरीच्या मुखाशी गाळ का साचतो, ते त्यातून दिसेल.

उत्तर: मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद, देसाईगंज तालुका

गुरुजी, झिंग्यांचे मी सांगतो. आमच्या संस्थेने तलावात महाझिंग्याचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचे, बीज सोडले होते. झिंगे चांगले वाढले आणि माद्यांच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचे घोस दिसू लागले, जे पिकत आल्यावर राखाडी झाले. तरीही तलावात एक पिल्लू वाढले नाही. बीज केंद्रावर विचारले तेव्हा कळले की या झिंग्याच्या अळ्यांना पहिला महिनाभर निमखारे पाणीच लागते, म्हणजे नदीमुखाचे पाणी. म्हणून आम्हाला दर हंगामात बीज विकत आणावे लागते. मुलीला सांगा की हा झिंगा तिथे मरत नाही, उलट त्याचे बाळपण तिथेच जाते.

उत्तर: मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी, अकोला

काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते सर्व झिंग्यांना लागू नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांत सापडणाऱ्या बारीक झिंग्यांच्या काही जाती संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढतात. गोदावरीतला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय हा मोठा झिंगा मात्र महाझिंग्यासारखाच आहे. त्याच्या अळ्या प्रवाहाबरोबर मुखाकडे जातात आणि वाढलेली पिल्ले काठाकाठाने पुन्हा वर चढतात. वाटेत उंच बांध आला की ही चढण तिथेच खुंटते. हिलसा मासोळीचा प्रवास याच्या उलटा आहे. ती समुद्रात वाढते आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी गोदावरीत शिरते. तेलुगू लोक तिला पुलसा म्हणतात आणि तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. धवळेश्वरमला १८५२ मध्ये बंधारा पूर्ण झाला आणि तिची वर जाण्याची वाट तिथे अडली.

आमच्या पश्चिम विदर्भातली पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते, हेही मुलांना नकाशावर दाखवावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रयोग आजच केला. दोन तासांनी मिठाच्या ग्लासात वरचे पाणी निवळले होते आणि तळाशी मातीचा थर बसला होता, तर दुसऱ्या ग्लासातले पाणी तसेच गढूळ होते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तो थर बोटाने चाचपला आणि विचारले, “म्हणजे आपल्या बांधीतली माती तिथे कांदळाच्या मुळाशी बसते का?” मी होय म्हणालो. देसाईगंजच्या भाऊंना विनंती आहे की, राखाडी अंड्यांची मादी जाळ्यात आली की लगेच कळवावे. मी मुलांना घेऊन तलावावर येतो.