नायरोबीच्या कांगा कापू की नको?

सुईदोरा: टेक्सटाइलचं शेवटचं वर्ष चालू आहे, हळदोण्यात राहते. शेजारच्या आंटीने ट्रंकेतून चार कांगा (पूर्व आफ्रिकेतल्या बायका नेसतात ती छापील सुती कापडं) काढून दिल्यात. ती लग्न होऊन नायरोबीला गेलेली, १९६३ ला केनिया स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी परत आली. नवरा शिंपी, दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं, पण कोटांची काजं ही रात्री घरी बसून करायची, आणि हे तिला आजवर कोणी विचारलंच नाही म्हणे. यातून भिंतीवर टांगायची मोठी गोधडी करायचीय. मॅडम म्हणतात काप, माझा हात धजत नाही.

जुनीपेटी: कापू नकोस गं. कांगेवर खालच्या बाजूला स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, म्हण नाहीतर चक्क टोमणा. शेजारणीला, सवतीला काय ऐकवायचंय ते तिथल्या बायका तोंड न उघडता कांगा नेसून ऐकवायच्या. तू कात्री लावलीस की ते बोलणं अर्ध्यात तुटलं. आणि पावसात बुरशी धरेल, धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून ठेव.

फोंडेकर: आमची आजी हसली असती. जुनं लुगडं फाडल्याशिवाय गोधडी होते काय? कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी बघ, त्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनीच गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. त्या कडेपासून शिवत शिवत आत येतात, आणि कोपऱ्यांना दुमडलेली फुलं नसली तर कवंद उघडी वाटते म्हणतात. फक्त त्यांची पद्धत घेतलीस तर नाव त्यांचं घाल, नाहीतर आपणही त्या दुकानाच्या पाटीसारखेच.

बाभळ: कांगा राहू देत, काजंच कर की! काजाला चीर द्यावीच लागते, मॅडमपण खूश.

सुईदोरा: बाभळ, हे डोक्यातच आलं नव्हतं. काल आंटीकडे गेले, काठावरची ओळ वाचून ती जी हसायला लागली, अर्थ काही सांगेना, म्हणाली तुझं लग्न झालं की सांगते. मग चष्मा लावून चिंधीवर एक काज करून दाखवलं, नीट दिसत नाही तरी बोटं भराभर चालतात. कांगा अख्ख्या टांगतेय, खाली पांढऱ्या कापडावर नुसती काजं, बटण एकही नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दोरा घ्यायचाय, आंटीने बजावलंय जाड आण, तो मशीनचा नको.