कांदा चाळीवरचे कॅमेरे रात्री दीडलाच डेटा संपवतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात शेती आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये 25 टनी चाळीत भरलाय. चाळ मळ्यात, घर गावात, मधे साधारण एक किलोमीटर. मागच्या वर्षी भाव चढले तसा आमच्या शिवारातून कांदा चोरीला जायला लागला, म्हणून यंदा 3 वायफाय कॅमेरे बसवले. मळ्यात फायबर आलेलं नाही. 4जी सिमचा राऊटर आहे, रोजचा 2 जीबी डेटा.

बसवणाऱ्याने तिन्ही कॅमेरे क्लाऊडवर सतत रेकॉर्डिंगला लावून दिले. सकाळी ॲप उघडावं तर तिन्ही ऑफलाइन. शेवटी एका रात्री मी जागलो. बाराला नवा डेटा मिळाला, चित्र सुरू झालं. दीडच्या सुमाराला एकेक कॅमेरा अडकत गेला आणि बंद पडला. म्हणजे ज्या वेळेसाठी एवढा खर्च केला, त्याच वेळेला चाळीवर लक्ष नाही. वडील पुन्हा मळ्यात झोपायला जायला लागलेत. त्यांचं वय 70 आहे, ते मला बघवत नाही.

वहीत हिशोब मांडला. एक कॅमेरा 1 एमबीपीएसने सतत पाठवत राहिला तर दिवसाला 10.8 जीबी लागतात. तिघांचे 32 च्या वर. उलटं बघितलं तर 2 जीबी चोवीस तासांत पुरवायचे म्हणजे तिघांत मिळून जेमतेम 185 केबीपीएस येतात. तेवढ्यात एक कॅमेराही धड चालणार नाही. तेव्हा चित्र कितीही खालच्या दर्जाचं केलं तरी भागणार नाही, सतत पाठवणंच बंद करायला हवं, एवढं समजलं.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात 64 जीबीचं कार्ड टाकलं. सतत रेकॉर्डिंग त्यावर, जवळजवळ 6 दिवसांचं मावतं. क्लाऊडवर फक्त हालचाल झाली की 20 सेकंदांची क्लिप. व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत एच.264 ची बदलून जास्त दाबणारी एच.265 पण केली. तरी डेटा संध्याकाळपर्यंतच पुरतो. काल रात्री 430 क्लिप आल्या, एकेक अडीच एमबीची. सगळ्या बघितल्या. माणूस फक्त दोन क्लिपांत, दोन्हीत वडील. बाकी वाऱ्याने हलणारी बारदानं आणि भिंगासमोर घिरट्या घालणारे किडे. एका कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळंच विणलंय, ते एवढं पांढरं चमकतं की मागची चाळ दिसत नाही. शिवाय पुण्याहून भाऊ काळजीपोटी तासन्‌तास लाइव्ह लावून बसतो.

या खोट्या क्लिपा कशा कमी करायच्या? आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही गेलं, त्यावर काय करता येईल?

प्रतिसाद 1

दादा, हिशोब बरोबर आहे. एच.265 केलंत, पण बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) 1024 केबीपीएसवर ठरावीकच ठेवला असेल तर डेटा तेवढाच जातो, चित्र तेवढं जरा सुधारतं. तो आकडा 512 करा. किड्यांचं कारण कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड दिवा. तो बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून सात-आठ फुटांवर लावा, किडे तिकडे जातील आणि भिंगापुढचं जाळंही एवढं चमकणार नाही. जाळं मात्र आठवड्याला फडक्याने पुसायचंच. हालचालीच्या क्षेत्रातून बारदानांचा भाग वगळा, फक्त वाट आणि दार ठेवा. सेटिंगमध्ये माणूस ओळखण्याची सोय असेल तर तीच चालू ठेवा. भावाला सांगा, लाइव्ह बघताना एचडी न लावता साधं चित्र निवडा. 1 एमबीपीएसने तासाला 450 एमबी जातात.

प्रतिसाद 2

घरी ब्रॉडबँड असेल तर गच्चीवरून चाळीपर्यंत 5 गिगाहर्ट्झची पॉइंट टू पॉइंट लिंक (समोरासमोर दोन अँटेना लावून बिनतारी जोडणी) टाका आणि एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, घरात ठेवा. मग रेकॉर्डिंगला इंटरनेटच लागत नाही, आणि कॅमेरा चोरीला गेला तरी फुटेज घरात राहतं. आधी कॅमेरे ऑनव्हिफला (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर जुळवणारं सामायिक मानक) चालतात का ते बघा. नुसती समोर चाळ दिसून भागत नाही. एक किलोमीटरच्या लिंकला मधोमध दोन्ही अँटेना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती दोन-सव्वादोन मीटर तरी मोकळं लागतं. मधे उसाचा फड असेल तर ऊस पूर्ण वाढल्यावरची उंची धरा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेगळा दिवा खांबावर लावला, बारदानं वगळली, बिटरेट 512 केला. काल रात्री 38 क्लिप आल्या, सगळ्या मिळून 50 एमबीच्या आत. पहाटे पाचलाही तिन्ही कॅमेरे चालू होते. वडिलांना मोबाइलवर दाखवलं, आज ते घरी झोपणार आहेत.

घरी फायबर आहे आणि कॅमेरे ऑनव्हिफला चालतात, तेव्हा लिंकचंही बघतोय. गच्चीवरून चाळीचे पत्रे दिसतात, पण बरोबर मधे बांधावर जुनी चिंच आहे. तिचा शेंडा रेषेच्या अगदी खाली येतो. चिंच तोडायची नाही. चाळीकडे अँटेनासाठी 20 फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा केला तर वाऱ्यात हलून लिंक तुटेल का? कुणी असा पाइप ताण देऊन उभा केला असेल तर ताणाच्या तारा किती उंचीवर बांधल्या ते सांगा.