चार बोल्ट आणि 'योगक्षेमं वहाम्यहम्'

गिरणीवाली, बडोदे (12 सप्टेंबर 2024)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे येते ती पाककृतींच्या धाग्यांवर, भाजणीचं प्रमाण सांगायला. आजचा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, पण घरात कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथे विचारते.

कारेलीबागेच्या मागच्या अंगाला आमची पिठाची गिरणी आहे. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा आत गुडघाभर पाणी आलं होतं. त्यानंतर आम्ही कर्ज काढून जमीन दोन फूट उचलली. गिरणीचा चौथरा नव्याने बांधला, दाराला लोखंडी फळी बसवली. माणसाच्या हातून होण्यासारखं ते सगळं केलं, अशी माझी समजूत होती.

यंदा 26 ऑगस्टला जन्माष्टमी होती. सकाळपासून धो धो. रात्री साडेदहाला मिस्टर म्हणाले, "मोटर काढून वर नेऊ या का?" मोटर चार बोल्टांवर बसलेली असते. पट्टा उतरवायचा, चार बोल्ट सोडायचे, वायरी सुट्या करायच्या, दोघांनी मिळून जिन्याने चढवायची. अर्ध्या तासाचं काम. सासूबाई पाळणा सजवत होत्या, सुंठवडा कुटायचा होता, बाराला जन्म. मी म्हटलं, "दोन फूट उचललंय ना, राहू द्या. जन्म होऊन जाऊ दे."

जन्म झाला. पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. पहाटे चारला मिस्टरांनी खाली बॅटरी मारली तर वाटी-वाटीचं माप पाण्यावर तरंगत होतं.

विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली होती. आमच्या आत, त्या उचललेल्या जमिनीच्याही वर, चार फूट पाणी. तिसऱ्या दिवशी ओसरलं. गिऱ्हाइकांच्या गव्हाच्या नऊ गोण्या फुगून शिवणीवर उसवल्या होत्या आणि फटीफटीतून पांढरे कोंब बाहेर आले होते. तो आंबूस वास अजून केसांतून जात नाही. मोटर गाळाने भरलेली. आतली तार नव्याने गुंडाळून देणारा रिवाइंडिंगवाला 11,000 सांगतोय, आणि नऊ गोण्या भरून द्यायच्या त्या वेगळ्याच. पावतीवर कोणी गहू ठेवत नाही, विश्वासावर ठेवतात.

आता खरा प्रश्न. माझे बाबा एलआयसीचे एजंट. त्यांची पत्र्याची पाटी ते गेल्यावर मी गिरणीत आणून काट्याजवळ लावली. दोन हातांमध्ये ज्योत आणि खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्'. लहानपणी बाबांनी गीतेतला पूर्ण श्लोक पाठ करून घेतला होता: अनन्याश्चिन्तयन्तो मां ये जनाः पर्युपासते, तेषां नित्याभियुक्तानां योगक्षेमं वहाम्यहम्. रोज गिरणी सुरू करताना मी तो म्हणते, म्हणजे म्हणायचे. बाबांनी जन्मभर लोकांना विमा विकला आणि माझ्या गिरणीला विमा नाही, हेही सांगून टाकते, हसा खुशाल. मिस्टर दरवर्षी म्हणायचे आणि सासूबाई त्या पाटीकडे बोट दाखवायच्या, "तिथं लिहिलंय की."

गाळाची रेघ त्या पाटीच्या बरोबर मधून गेली. वरची ज्योत कोरडी, खालची अक्षरं बुडलेली.

सासूबाई म्हणतात, देवाच्या शब्दावर भार टाक. मला टाकता येत नाही. ज्या रात्री त्याचं करत बसले त्याच रात्री हे झालं. आणि त्याच्यावर रागावते म्हणावं तर फिरून स्वतःचाच राग येतो, चार बोल्ट, अर्धा तास. प्रयत्न संपले की देवाचा शब्द, असं सगळे म्हणतात. पण प्रयत्न संपले नव्हते, मीच थांबवले. अशा माणसाने तो शब्द कोणत्या तोंडाने म्हणायचा?

माऊलीदास, इंदूर

ताई, वाचून वाईट वाटलं. कीर्तनात एक कथा सांगतात, तुम्ही ऐकली असेल. एका ब्राह्मणाला वाटलं, देव स्वतः कशाला वाहील, तो फार तर देईल. म्हणून त्याने 'वहामि' खोडून 'ददामि' लिहिलं. तो भिक्षेला गेल्यावर एक सावळा मुलगा शिधा डोक्यावर घेऊन दारात आला, आणि त्याच्या अंगावर ओरखडे होते. शब्दावर मारलेली रेघ देवाच्या अंगावर उठली! तुमच्याकडेही गाळ काढायला कोणी आलंच असेल ना? तोच तो.

गिरणीवाली, बडोदे

दादा, कथा ऐकलेली आहे. आले होते. समोरचा पंक्चरवाला, त्याची दोन मुलं आणि वरच्या मजल्यावरच्या बेन. अडीच दिवस फावड्याने गाळ ओढला त्यांनी, पंक्चरवाल्याच्या पोराच्या तळहाताला फोड आले. त्याचं स्वतःचं दुकानही बुडालं होतं. त्यांचं श्रेय मी देवाच्या खात्यात टाकणार नाही, राग मानू नका. आणि शिधा घेऊन आमच्याकडे कोणी आलं नाही. उलट नऊ गिऱ्हाइकं गहू मागायला आली.

मिस्त्री, मकरपुरा

आधी मोटरचं बोला. पाणी शिरलं तेव्हा लाइट चालू होती का? त्या रात्री तुमच्या भागात आधीच बंद केली असेल तर मोटर बुडाली आहे, जळालेली नाही. दोन्हींत फरक आहे. रिवाइंडिंगला टाकायची घाई करू नका. उघडा, रोटर (आतला फिरणारा भाग) बाहेर काढा, स्टेटर (बाहेरचा तारा गुंडाळलेला भाग) स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन गाळ पूर्ण काढा. मग बंद खोलीत मोठे पिवळे बल्ब लावून दोन-तीन दिवस सावकाश वाळवा, थेट जाळ नको. बेअरिंग नवीन टाका, जुनी साफ करून वापरायचा मोह नको. मग मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून बघा. 1 मेगाओहमच्या खाली दाखवलं तर आणखी वाळवा. त्यानंतरही चढलं नाही तरच रिवाइंडिंग. स्टार्टर मात्र बदलावाच लागेल.

आता देवाचं. मी मानत नाही, तरी लिहितो. नदी पावागडच्या डोंगरांतून येते, वर आजव्याच्या तलावाचं पाणी, खाली शहर. पूर्वी कोतरं म्हणजे नदीकाठच्या घळी होत्या, जास्तीचं पाणी त्यांत पसरायचं. ती भरून त्यांवर इमले उठले. यात तुमचा सुंठवडा कुठे बसतो? मात्र एक आहे. बोल्ट काढायला हवे होते. पुढच्या वेळी काढा.

गिरणीवाली, बडोदे

लाइट बाराच्या आधीच गेली होती! पाळणा समईच्या उजेडात म्हटला. थांबा, मिस्टरांना सांगते.

पोथीवाला, ग्वाल्हेर

मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त. आमच्या घरी शिंदेशाहीपासूनच्या पोथ्या आहेत. त्यांतल्या अर्ध्या वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे माणसाचे प्रयत्न तोकडे पडतात म्हणजे काय, हे थोडं ठाऊक आहे.

तुमच्या श्लोकाबद्दल आधी. शंकराचार्यांच्या भाष्यात योग म्हणजे न मिळालेल्याची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचं रक्षण. हा अर्थ वाचला की मनात विमाच येतो, आणि पाटी एजंटाची असल्यावर तर येणारच. श्लोक म्हणजे हप्ता, पूर म्हणजे दावा. पण तो शब्द ज्याला दिलाय तो अर्जुन पुढे काय काय गमावतो ते बघा. अभिमन्यू गेला. सोळा वर्षांचा पोर. ज्याने शब्द दिला तोच अर्जुनाचा रथ हाकत होता. तेव्हा 'वहामि'चा अर्थ 'तुझं काही जाणार नाही' असा करायचा असेल तर तो पहिल्या ऐकणाऱ्यालाच लागू पडत नाही. मी हा अर्थ मुलांना पंचवीस वर्षं शिकवला आणि हे माझ्या लक्षात आलं ते निवृत्तीनंतर. असो.

पण तुमचं दुखणं गीतेच्या नवव्या अध्यायात, म्हणजे या श्लोकात, नाहीच, ते अठराव्यात आहे. तिथे कृष्ण कोणत्याही कामाची पाच कारणं मोजतो: अधिष्ठानं तथा कर्ता करणं च पृथग्विधम्, विविधाश्च पृथक्चेष्टा दैवं चैवात्र पञ्चमम्. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात. मी तुमच्यापुरती मोडतोड करतो: जागा, माणूस, अवजारं, हालचाली आणि पाचवं दैव. दैव पहिलं नाही आणि एकटंही नाही. तसाच कर्ताही पाचांतला एकच. आणि लगेच दोन श्लोक पुढे तो म्हणतो, एवढं असून जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. 'दुर्मति' म्हणतो त्याला, फार गोड शब्द नाही तो.

हा श्लोक लोक यशाच्या अहंकारासाठी वापरतात. अपयशालाही तोच लागू आहे, हे कोणी सांगत नाही. 'माझ्यामुळे गिरणी चालते' म्हणणारा चुकतो, तशीच 'माझ्यामुळे गिरणी बुडाली' म्हणणारीही चुकते. तुम्ही त्या चार बोल्टांना नदीएवढं केलंय. तुमचा त्यात वाटा आहे, मिस्त्री म्हणतात ते खरंच. पण पाचांतला एक. त्याहून जास्त स्वतःकडे घेणं हीसुद्धा एक प्रकारची मालकीच.

मिस्त्री, मकरपुरा

ग्वाल्हेरकर, हे पटलं. फक्त पाचव्याच्या जागी मी कोतरं लिहीन.

पोथीवाला, ग्वाल्हेर

लिहा. खोडलंत तरी ओरखडे उठतील असं मला वाटत नाही.

स्वाती ताई, वाघोडिया रोड

अवांतर: भाजणी यंदा मिळणार का? नसेल तर दिवाळीसाठी दुसरीकडे विचारते. (रागावू नका हं.)

गिरणीवाली, बडोदे

सरांचं उत्तर तीनदा वाचलं. सासूबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवलं. अभिमन्यूपाशी त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "सुभद्रेला काय वाटलं असेल?" आणि उठून आत गेल्या. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे दीर, एकविसाव्या वर्षी गेले होते. मी या घरात येण्याआधीची गोष्ट. आजवर मला वाटायचं, 'भार टाक' हे त्या सहज तोंडाला आलं म्हणून म्हणतात.

मला अजून श्लोक म्हणवत नाही. पण रात्री बोल्ट मोजत जागी राहायचे, ते कमी झालंय.

स्वाती ताई, विचारते मोटरला.

गिरणीवाली, बडोदे (9 ऑक्टोबर 2024)

धागा वर काढते, कारण मिस्त्रींना हिशेब द्यायचा आहे. मोटर धुतली. रोटर काढल्यावर आतून बोटभर लांबीचा मासा निघाला, वाळलेला. तीन दिवस बल्बखाली ठेवली. मेगरवाला पहिल्यांदा आला तेव्हा काटा अर्ध्या मेगाओहमवर, म्हणाला, "टाका रिवाइंडिंगला." आणखी दोन दिवस ठेवली. मग 4 दाखवले. बेअरिंग आणि स्टार्टर नवीन, 11,000 च्या जागी 3,900 मध्ये निभावलं. नऊपैकी सहा जणांचे गहू भरून दिले, दोघांनी "दिवाळीनंतर बघू" म्हटलं. आणि एका काकांनी घ्यायला साफ नकार दिला. ते का ते विचारलं नाही, डोळ्यांत पाणी आलं असतं.

दगडाला टाकी लावून घेतली. टाकी लावल्यावर पहिल्या पिठात कच येते, म्हणून दोन किलो जुनी ज्वारी दळून फेकून द्यायची असते. पट्टा चढवला, मिस्टरांनी बटण दाबलं आणि दगड फिरायला लागल्यावर जो घरघराट सुरू झाला, त्यात माझ्या तोंडून श्लोक निघून गेला. ठरवून नाही. वीस वर्षं तोच आवाज आणि तेच शब्द, जीभ आपोआप वळली. 'वहाम्यहम्'पर्यंत आले आणि लक्षात आलं. थांबवलं नाही, एवढंच सांगते, यापुढे मलाही कळलेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक वरच्या बेन, भाखरीचा करकरा लोट, म्हणजे जाडसर पीठ. पंक्चरवाल्याचं दळण आता वर्षभर फुकट, हे मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. विम्याचा अर्ज भरलाय. स्वाती ताई, भाजणी सोमवारपासून, आपलं आपलं धान्य भाजून आणा.

पाटी घासून पुसली. अक्षरांचा रंग थोडा उडालाय, वाचता येतात. परत लावली ती जुन्या जागेपासून दोन फूट वर. सासूबाई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "भरवसा असता तर जुन्याच खिळ्याला लावली असतीस."

मी म्हटलं, "आई, खिळा गंजलाय."